बाटलेलं पातेलं

बाहेर पडताना ती दाराच्या चौकटीवरच्या तिरक्या नळीला बोटं लावायची आणि त्या बोटांचा मुका घ्यायची. आत येतानाही तेच. नळीत त्यांच्या धर्माचा मजकूर गुंडाळलेला असतो. आमच्या आळीत बेने इस्राएल यहुद्यांचं ते एकच घर, तेव्हा तुम्हीही तिला पाहिलं असेल. तुम्हाला ती देवभोळी म्हातारी वाटली असेल. मी तिच्याकडे भांडी घासायला होते, मला नाही वाटली. तोंडावर तिला तुम्ही म्हणायचे. इथे ‘ती’च म्हणणार.

‘ते नको, ते!’ हे तिचं पालुपद. दुधाची भांडी एका फळीवर, मटणाची दुसऱ्या. एकदा मी हौसेने कोलंबीचं कालवण नेलं, तर दारातूनच परत.

‘खवलं नाहीत गो त्याला. आम्हाला चालत नाही.’

‘कोलंबीला खवलं कुठून आणू, बाई?’ मी म्हटलं. ती हसली. मी नाही हसले. आम्ही बौद्ध. हातचं परत येणं आमच्या घरात नवीन नव्हतं.

मग एके दिवशी मी चुकून मटणाच्या पातेल्यात दूध तापवलं. ती आली आणि ओरडली, ‘बाटवलंस! बाटवलंस गो!’ सगळं दूध तिने माडाच्या मुळाशी ओतलं.

माझ्या आजीने विहिरीवर हाच शब्द ऐकला होता. आजी ते आम्हाला सांगताना आवाज खाली करायची.

‘तुला नाही बोलले,’ म्हातारी म्हणाली. ‘पातेल्याला बोलले. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवायचं नाही, असं आमचं शास्त्र आहे.’

‘करडाची एवढी माया? आणि पातेल्याला कान आहेत?’

मी काम सोडलं.

त्यांच्या दारफळणीच्या सणाला दारं लावून उपास असतो. त्याच्या आदल्या दिवशी ती आमच्या दारात आली.

‘माफ कर गो. देवाचं देव माफ करतो. माणसाचं माणसानेच करायचं असतं. तीनदा मागायची.’

‘मग म्हणा, तो शब्द चुकला.’

‘चुकला कसा? पातेलं बाटलंच होतं.’

‘मग नाही.’

तिने पदर सारखा केला. ‘बरं. एक झाली.’

वर्षभर आम्ही बोललो नाही. समोरून आली की मी गडग्याच्या दगडांकडे तोंड करायचे. पुढच्या दारफळणीला ती गुडघे धरत आमच्या पायऱ्या चढली.

‘तो शब्द तुला एवढा लागेल, हे मला माहीत नव्हतं.’

‘जन्म इथे गेला तुमचा. माहीत नव्हतं?’

ती म्हणाली, ‘होतं.’

मी दारातच उभी. तिला बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही.

‘दोन झाल्या,’ ती म्हणाली आणि एकेक पायरी उतरली.

पुढची दारफळणी यायच्या आधीच ती गेली. मुलगा इस्राएलहून आला, घर विकलं, नळी काढून नेली. चौकटीवर तिरका पांढरट डाग राहिला आहे. जाता येता मी बघते. हात लावत नाही.

माझ्यासारख्या चौथीपर्यंत शिकलेल्या बाईच्या हाती कुणी माफ करण्याएवढी मोठी गोष्ट देत नाही. तिच्या देवाने दिली होती. मी काय केलं असतं, कोण जाणे. तिसरी राहिली. आता तोही काही करू शकत नाही. नियम त्याचाच आहे.