गल्लीतली एकुलती गाय

बहात्तर सालच्या श्रावणात मामा पारनेरकडच्या गावाहून चालत गाय घेऊन आमच्या नगरच्या भाड्याच्या घरी आला, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद माझ्या वडिलांना झाला. ते कचेरीत शिपाई होते आणि शेतीतलं त्यांना पीकपाण्याच्या गप्पांपलीकडे काही येत नव्हतं. "आता घरचं दूध!" ते म्हणाले. गाईच्या बरगड्या त्यांना दिसल्याच नाहीत. तिच्या मागे लहानगी कालवड होती, तीही तशीच.

मामा आईचा धाकटा भाऊ. पाऊस नव्हता, कडबा संपला होता आणि बैलांना त्यानं आधीच बाजार दाखवला होता. "आक्का, तुज्याकडं नळ हाय," तो म्हणाला. "पाऊस पडंपतूर संभाळ. ही गेली तर माज्या गोठ्यात दावीच ऱ्हातील." चहा पिऊन तो परत चालू लागला.

आईला नगरात येऊन काही वर्षं झाली होती, पण तिचं गाव तिच्या हातांतून गेलं नव्हतं. परसात तिनं मोरीच्या पाण्यावर अळू लावला होता. दोडक्याचा वेल संडासाच्या पत्र्यावर चढवला होता. घरमालक त्याला जंगल म्हणायचे आणि दोडके मात्र न चुकता न्यायचे. त्या परसात आता गाय आली आणि आईला वाटलं, आपलं घर पुरं झालं.

गावाकडे गाय सांभाळणं म्हणजे वेगळं काही करणंच नव्हतं. शेतानं टाकलेलं गाय खायची, गाईनं टाकलेलं शेत खायचं, आणि मधे माणूस आपला घमेलं घेऊन फिरायचा. नगरात सगळ्याच गोष्टीला कुणाचं तरी तोंड बघावं लागे. शेण टाकायला उकिरडा नाही, म्हणून नाल्यापर्यंत वाहायचं. माश्या झाल्या म्हणून ज्या बायका कुरकुरत, त्याच सणाच्या आदल्या दिवशी अंगण सारवायला शेण मागत. चारा मिळेना. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा नळही एकाआड एक दिवस येऊ लागला.

मग आईनं गल्लीचीच दारं धरली. भाज्यांची देठं, साली, तांदळाचं धुवण, सगळं ती घरोघरी जाऊन गोळा करी. कुणी नाही म्हणालं नाही, हे मला कबूल केलंच पाहिजे. गाय जगली ती या घरांवर. आणि म्हणूनच पुढे त्या घरांना नाही म्हणायची सोय आईला उरली नाही.

वसुबारसेला सकाळपासूनच बायका डोकावून जाऊ लागल्या. एरवी त्यांना पूजेसाठी सवत्स गाय शोधत लांब जावं लागे. यंदा ती दारातच होती. आजोळी ज्याच्या त्याच्या दारात गाय, ज्यानं त्यानं आपल्या गाईला घासभर नैवेद्य दाखवायचा, संपलं. दुसऱ्याच्या गाईचं कुणाला पडलेलं नसे. इथे गाय एक आणि पुण्याला भुकेली सगळी गल्ली.

ऊन उतरलं तशी रांग लागली. प्रत्येकीच्या ताटात पुरण, भात, उडदाचे वडे. आईनं पहिल्या चार-पाच ताटांना हसून जागा दिली. मग ती हातानं अडवायला लागली. "चिमूटभरच द्या हो. शिजवलेलं धान्य तिला सोसत न्हाई. लई दिवस पोट खाली हाय तिचं."

"अहो वहिनी, दिवसभराचा उपास आहे माझा," शेजारच्या पोस्टातल्या काकू म्हणाल्या. "गाईनं तोंड लावल्याशिवाय कसा सोडू?"

त्यांच्याच घरून रोज धुवणाची बादली येई. आईनं अडवणारा हात बाजूला घेतला. गाय तर काय, इतक्या महिन्यांची उपाशी, जिभेनं ताट पुसून पुढच्या ताटाकडे मान लांबवी. मागून कुणी तरी कौतुकानं म्हणालं, "माझं सगळं खाल्लं हो गोमातेनं!" त्यानंतर तर चढाओढच लागली. आईनं एकदा दावं मागे ओढलं, तेव्हा ज्या बाईची पाळी होती तिचा चेहरा पडला. "आमचंच ताट नको होय?" ती म्हणाली. आईनं दावं सैल सोडलं. मी तिच्या बाजूला उभी होते. मला रांगेतल्या एकेकीच्या ताटाला लाथ मारावीशी वाटत होती.

दिवेलागणीला पोट फुगून गाईची डावी कूस वर आली. आईनं थाप मारून पाहिली आणि खालीच बसली. मग उठली. पोटातला वायू सुटावा म्हणून कडुलिंबाची आडवी काडी गाईच्या तोंडात बांधली, तेल पाजलं. निम्मं माझ्या अंगावर सांडलं. वडील सायकलवरून जनावरांच्या दवाखान्यात गेले आणि कुलूप बघून परत आले. दिवाळी होती. गावात नुसती हाक मारली असती तर जनावर तोलून धरणारे गडी धावत आले असते, त्यांतल्या एखाद्याला काही माहीत असतं. इथे जरीच्या साड्या नेसलेल्या त्याच बायका हातात निरांजनं घेऊन कुंपणाशी उभ्या राहिल्या. कुणी हिंग आणला, कुणी ओवा. वाईट कुणालाच वाटत नव्हतं असं नाही. काय करायचं ते कुणालाच कळत नव्हतं.

धनत्रयोदशीच्या सकाळी गाय गेली. गावाकडे तिला आपल्याच बांधाला पुरली असती. इथे नगरपालिकेची गाडी आली, तिच्या शिंगांना अजून हळदकुंकू होतं. वडिलांनी विचारलं, मामाला पत्र टाकू का? आई म्हणाली, "सणात नगं."

भाऊबीजेला मामा आला तो थेट परसात गेला. कालवड एकटीच बांधलेली होती. त्यानं गाईचं रिकामं दावं उचलून खुंट्याला गुंडाळलं, मग पाय धुऊन पाटावर येऊन बसला. आईनं ओवाळलं. त्यानं खिशात हात घातला, तेव्हा आईनं त्याचा हात धरला.

"पैसं नगं मला. ओवाळनी म्हनून कालवड घिऊन जा."

"आक्का, तिकडं काडी न्हाई. काय घालू तिला?"

"हितं ठिवू नगं."

ओवाळणीला भाऊ नाही म्हणत नाही. जेवण झाल्यावर मामानं दावं सोडलं आणि तो कालवड घेऊन पारनेरच्या रस्त्याला लागला. तिचं पुढे काय झालं हे आईनं त्याला कधी विचारलं नाही, आणि त्यानंही कधी सांगितलं नाही.