चिखलदऱ्याचा कॅमेलिया

खाला कलमाची काडी मुळं फुटायच्या पावडरीत बुडवत आणि अंगठ्याच्या नखावर दोनदा हलकेच आपटत. जास्तीची पावडर झडून जाई. "मुळीले इशारा पुरते, सायेब," त्या म्हणत. "ढकलाले नाई जात."

अकोल्याहून बाळापूरला जाताना रस्त्याकडेला त्यांची नर्सरी होती; येणारे-जाणारे सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच ती चालवत. पूर्वी तिथून संत्र्याची कलमं गाड्या भरभरून जात. मग विहिरी आटल्या, कापसाने दगा दिला, नवी बाग लावायची हिंमत कुणात उरली नाही. तेव्हा खालांनी फुलझाडं धरली.

मी चिखलदऱ्याला एका विश्रामगृहाची बाग सांभाळत होतो. तिथे कॅमेलियाचं एकच झाड होतं, फार जुनं. त्या पावसाळ्यात त्याचं मूळ कुजलं. एक फांदी तेवढी हिरवी राहिली. तिच्या वीस काड्या कापून, ओल्या गोणपाटात गुंडाळून मी एस.टी.ने खालांकडे आणल्या.

त्यांनी एक काडी बोटांत फिरवून पाहिली. "फूल कसं अस्ते याचं?"

"गुलाबासारखं. पण वास नाही."

"वास नाई? मंग एवढी धावपळ काहून करून राहिले?"

"म्हातारं झाड आहे, खाला," एवढंच मला सुचलं. त्यांना ते पटलं असावं.

दहा काड्या त्यांनी लावल्या, दहा मी. त्या पाणी आणायला गेल्या तेवढ्यात, मुळं लवकर फुटावीत म्हणून, मी माझ्या काड्यांना पावडर चांगली थापली. कुंड्या सावलीत ठेवून वर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या.

तीन आठवड्यांनी गेलो, तर माझ्या दहाही काड्या बुडाशी काळ्या पडलेल्या. मी चूक कबूल केली.

"मले ठाऊक होतं. पांढरी बोटं पाह्यली होती तुमची," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या त्या नंतर. मुळं आली का ते पाहायला त्यांची एक काडी मी उपसू लागलो तेव्हा. "लेकरू झोपलं का नाई हे पाहाले त्याची पापणी उचकटता काय?"

तिकडे वर झाडाची ती शेवटची फांदीही वाळली. आता होत्या त्या खालांच्या दहा काड्याच. मी दर आठवड्याला फोन करी. "हिरव्या हायत," म्हणून त्या फोन ठेवत.

दिवाळीनंतर त्यांचाच फोन आला. "या," एवढंच म्हणाल्या. 'हिरव्या' म्हणाल्या नाहीत, म्हणून मी मिळाली ती पहिली एस.टी. धरली. पोचलो तेव्हा त्यांनी एक कुंडी तळहातावर उपडी केली. मातीच्या गोळ्याभोवती शेवयांसारखी पांढरी मुळं. दहातल्या सात काड्या लागल्या होत्या. मी तिथेच एका पालथ्या कुंडीवर बसलो. डोळे भरून आले.

"आधी चहा घ्या," खाला म्हणाल्या. "रडाचं असन तं मंग रडा."

ती रोपं मी विश्रामगृहाच्या बागेत नेऊन लावली. तिसऱ्या हिवाळ्यात पहिलं फूल आलं, तेव्हा मी त्यांना चिखलदऱ्याला बोलावून घेतलं. बराच वेळ त्या फुलासमोर उभ्या राहिल्या. "कामाचं काईच नाई," म्हणाल्या, "पण चांगलं हाय."

पुढे माझी बदली झाली. नर्सरी बंद करून त्या मुलीकडे राहायला गेल्याचं नंतर कानावर आलं. भेट ती शेवटचीच.

फूल पाहून त्या दिवशी परत जाताना त्यांनी आमच्या झाडांखालच्या पालापाचोळ्याची काळी माती पोतंभर मागून घेतली होती. कंडक्टर म्हणाला, पोतं टपावर टाका. खालांनी ऐकून घेतलं, पोतं खिडकीजवळच्या सीटवर ठेवलं आणि त्याच्याभोवती हात टाकून शेजारी बसल्या.