स्लॅबचं जेवण

ते प्रकरण आठवलं की आजही माझी मान खाली जाते. खुनाच्या, दरोड्याच्या तपासाबद्दल बोलताना माझा आवाज चढतो, घरचे हसतात. ही हकिकत सांगताना मात्र तो आपोआप उतरतो. नावं कुणाचीच सांगणार नाही.

मी तेव्हा कोल्हापूर शहरातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. एक निवृत्त कारकून ठाण्यात आले. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल. गल्ली त्यांना तात्या म्हणायची. पत्नीचे गुडघे पार गेलेले, म्हणून घर विकून सांगलीला मुलीजवळ राहायला जायचं होतं. गिऱ्हाईक मिळालं होतं, इसारही झाला होता. पण गिऱ्हाइकाला कर्ज देणाऱ्या बँकेने वरच्या मजल्याचा बांधकाम परवाना आणि पूर्णत्वाचा दाखला मागितला. ते कागद सापडत नव्हते. कुणीतरी सांगितलं, पोलिसांकडून गहाळ झाल्याचा दाखला आणा, काम भागेल.

असे दाखले आम्ही रोज देतो. पाकीट हरवतं, गुणपत्रिका हरवते. ठाणे अंमलदार ठरलेले प्रश्न विचारतो आणि लिहून घेतो. कागद कुठे गहाळ झाले? तात्यांना बसस्थानक म्हणायचं सुचलं नाही. ते म्हणाले, "घरातनंच गेले." घरातून गेले म्हणजे चोरी, आणि चोरी म्हटली की पुढचा प्रश्न आलाच: संशय कुणावर? तात्या घुटमळले आणि शेजारच्या गिरणीवाल्याचं नाव सांगून बसले. तक्रार अर्ज चौकशीसाठी माझ्या टेबलावर आला.

गल्लीत फिरून आमच्या हवालदाराने खबर आणली की दोघांत वैर आहे. खाली पिठाची गिरणी, वर राहायच्या खोल्या, असं त्या शेजाऱ्याचं घर. त्याचा जिना बाहेरच्या बोळात यायचा. तात्यांनी महापालिकेत तक्रार केली आणि तो जिना पाडला गेला. त्या दिवशी गिरणीवाला भर गल्लीत ओरडला होता, "तुमीबी घर इकायला काढशीला की कवातरी!" मला हेतू मिळाला. पोलिसाला हेतू मिळाला की अर्धा तपास झाल्यासारखं वाटतं.

मी घराची पाहणी करायला गेलो. कपाट शाबूत, कुलूप शाबूत. तात्यांच्या पत्नीला विचारलं, "बाई, कागद कुठल्या कप्प्यात होते?" उत्तर तात्यांनी दिलं. दुसरा प्रश्न विचारला, तेव्हाही उत्तर तात्यांचंच. बाई पदराच्या टोकाला गाठी मारत राहिल्या. मी म्हटलं, "दागिने बघितले का? आहेत ना सगळे?" तात्या गडबडले. "ते... बघाय पायजे." इथे मी चमकलो. घरात चोरी झालेला माणूस आधी सोनं चाचपतो, मग पोलिसांकडे येतो. या माणसाला सोन्याची काळजीच नव्हती.

बाहेर आलो. शेजारच्या भिंतीवर तुटलेल्या पायऱ्यांचे लोखंडी गज अजून बाहेर आलेले. त्यांच्या बाजूला एक लोखंडी शिडी. गिरणीवाल्याची बायको डोक्यावर धुण्याची बादली घेऊन ती चढत होती.

संशय तात्यांकडे वळला होता, तरी अर्जात नाव गिरणीवाल्याचं. त्याला बोलावणं भाग होतं. तात्यांना खुर्ची मिळाली होती, याला बाक मिळाला. भुवयांवर पीठ तसंच. मी आवाज चढवला.

"कागद कुठं ठेवलेस?"

"मी न्हाय घेतलं, सायेब."

"मग कुणी घेतले?"

"कुणीच न्हाय."

"म्हणजे काय?"

तो जमिनीकडे बघू लागला. धमकावलं, गोंजारलं, काही उपयोग झाला नाही. दुपारभर तो बाकावर होता. ठाण्यात येणारा जाणारा त्याला बघत होता, त्यात त्याच्या गिरणीची गिऱ्हाइकंही होती. तरी त्याने तोंड उघडलं नाही.

मी महापालिकेला पत्र पाठवून माहिती मागवली. उत्तर आलं: परवाना फक्त तळमजल्याचा, वरच्या मजल्यासाठी अर्जच आलेला नाही. जे कागद कधी नव्हतेच, ते चोरीला गेले होते!

दोघांना समोरासमोर बोलावलं. तात्यांबरोबर बाईही आल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी ठाण्याच्या पायऱ्या चढून. मी उत्तर वाचून दाखवलं.  तात्यांनी फाइल उघडली, मिटली, पुन्हा उघडली. बाई म्हणाल्या, "मी म्हनत हुते, गिरनीवाल्यांचं नाव मागं घ्या. सांगून टाका की परवाना काढला न्हवता." आणि त्या रडू लागल्या.

"सांगायचं कसं?" तात्यांचा आवाज फुटला. "ह्याचा जिना पाडला मी, नियम दाखवून. आता कुठल्या तोंडानं सांगू, माझा आख्खा मजलाच बिगरपरवान्याचा हाय?"

मी गिरणीवाल्याकडे वळलो. "तुला हे माहीत होतं?"

"व्हय की. समद्या गल्लीला ठाव हाय."

"मग बोलला का नाहीस? महापालिकेत नाही तर नाही. निदान इथे तरी?"

"सायेब, ह्यो वरचा स्लॅब वतला तवा आमी समदी घमेली वाहत हुतो. पानी माझ्या बोअरचं. सांजच्याला वहिनींनी समद्यांस्नी जेवाय वाढलं, मटान-भाकरी. पोटभर जेवलो मी. ज्या स्लॅबचं जेवलो, त्येच्यावर बोट कसं दावू? त्येंनी माझ्या जिन्यावर दावलं, त्ये त्येंच्यापाशी."

तोवर मी त्याला अरे-तुरे करत होतो. त्यानंतर माझ्या तोंडून आपोआप "तुम्ही" आलं, आणि ते इतक्या उशिरा आलं याची मला मनापासून लाज वाटली. खोलीत कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. हवालदारसुद्धा खिडकीबाहेर बघत होता.

खोटी माहिती दिल्याबद्दल तात्यांवर कारवाई होऊ शकत होती. गिरणीवाला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. वहिनींचं गुडघं बघा, सायेब. त्येंना जाऊ द्या सांगलीला." वरिष्ठांच्या परवानगीने तात्यांना लेखी समज दिली आणि अर्ज निकाली काढला.

तात्यांनी गिऱ्हाइकाला खरं सांगितलं. गिऱ्हाईक थांबायला तयार झालं, पण मजला नियमित करून घ्यायचा तर महापालिकेच्या अभियंत्याने शेजाऱ्याची ना-हरकत आणायला सांगितली. म्हणजे विक्री पुन्हा गिरणीवाल्याच्या सहीवर येऊन अडली.

योगायोगाने मी त्या गल्लीतून चाललो होतो. तात्या शिडीखाली कागद धरून उभे होते. हाक मारायला तोंड उघडायचे आणि मिटायचे. शेवटी गिरणीवाल्यानेच वरून पाहिलं. कागद कसला ते त्याच्या लक्षात आलं असावं. एकेक पावटी धरत तो उतरू लागला.

"जिना असता तर कवाच आलो असतो की, तात्या," तो अर्ध्यावरून म्हणाला.

 तात्यांनी कागद दातांत धरला आणि दोन्ही हातांनी शिडी घट्ट पकडली, तो खाली येईपर्यंत. सही भिंतीवरच झाली, तुटलेल्या गजांच्या शेजारी.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर सांगतो: "संशय कुणावर?" हा प्रश्न आम्ही सहज विचारतो, पण अडलेला माणूस त्याला उत्तर म्हणून कुणाचंही नाव देतो. त्यानंतर मी तो प्रश्न सगळ्यात शेवटी विचारू लागलो. आणि ठाण्यात आलेल्या प्रत्येकाला आधी खुर्ची द्यायला सांगू लागलो.