पाच मिनिटांची फेरी

माझी भाची दवाखान्याच्या धुलाईखान्यात काम करते. ओल्या चादरी यंत्रातून उपसायच्या, वाळल्या की गरम रुळाखालून काढायच्या. जिममध्ये तिला 'इस्त्री' म्हणतात. एक कारण हे, आणि दुसरं म्हणजे खाली पाडलेल्या बाईला सपाट केल्याशिवाय ती उठत नाही.

ठोसे, लाथा, कुस्ती, गळा आवळणं, या खेळात सगळं चालतं. हौशी गटात ती नऊ लढती लढली, सात जिंकली. एकतिसाव्या वर्षी तिने व्यावसायिक लढतीच्या कागदावर सही केली. एकदा ती लढत झाली की हौशी गटात परत जाता येत नाही. शिवाय आयोजकाने तोंडावर सांगितलं होतं, तिशीपुढची बाई पहिलीच लढत हरली तर मी पुन्हा बोलावत नाही. म्हणजे हरली तर दोन्ही दारं बंद.

माझी बहीण लेकीला म्हणाली, "नाक मी दिलंय. आहे तसं परत आण."

"तुझ्यावरच गेलंय ना आई. ठेचलं तर सुधारेल."

मी चौतीस वर्षं गोदामात पोती वाहिली. निवृत्त झाल्यावर जिममधल्या गाद्या पुसायचं काम धरलं, म्हणून तिचा सराव रोज दिसायचा. हौशी फेरी तीन मिनिटांची, व्यावसायिक पाचची. दम तिला भरपूर होता. तरी तीन मिनिटं झाली की पकड ढिली पडायची. थकून नाही, सवयीने. गोदामात भोंगा व्हायच्या आधी आमचे हात असेच सैल पडायचे.

मी तिच्या कोचबाईंना म्हटलं, "घड्याळ काढा. घंटाही नको. तुम्ही पाठीवर हात ठेवाल तेव्हाच तिने थांबायचं."

"काका, पोती वाहून डोक्यालाही घट्टे पडले की काय?" असं म्हणाल्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवशी भिंतीवर घड्याळ नव्हतं. हात कधी चार मिनिटांनी पडायचा, कधी सातांनी. सात आठवड्यांत ढिलाई गेली.

लढतीत पहिली फेरी तिचीच होती. प्रतिस्पर्धी खाली, ही वर. घंटा झाली आणि त्यानंतर हिचे दोन ठोसे पडले. पंचांनी ओढून काढलं आणि एक गुण कापला. जिंकलेली फेरी बरोबरीत गेली.

"घंटा ऐकू नाही आली?" कोचबाईंनी विचारलं.

"आली. पाठीवर हात नाही पडला."

पाण्याची बाटली धरून मी शेजारीच उभा होतो. कोचबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. शिकवण माझी होती, चूकही माझी.

दुसऱ्या फेरीत ती घंटेचाच विचार करत राहिली. ठोसा मारताना हात आखडत होता. कोपराचा फटका बसून भुवई फाटली, फेरी गेली. आता तिसरी, शेवटची फेरी गेली असती तर सगळंच गेलं असतं.

"थांबायचं माझ्यावर सोड," कोचबाई म्हणाल्या. "मी ओरडेन. तोवर तू काम कर."

तिने काम केलं. तिसऱ्या मिनिटाला समोरचीला पाडलं आणि पुढची दोन मिनिटं उठू दिलं नाही. घंटा झाली, कोचबाई ओरडल्या, तिचे हात उघडले.

निकाल बरोबरीचा लागला. कपडे बदलायच्या खोलीत आयोजक आला. भाचीच्या भुवईला टाके पडत होते.

"हरली नाहीस, जिंकलीही नाहीस. तुझं मी करू काय?"

"पुन्हा तिच्याशीच लावा. तीन महिन्यांनी."

"तिलाही विचारावं लागेल."

शेजारच्या बाकावर कानाला बर्फ लावून बसलेली प्रतिस्पर्धी म्हणाली, "विचारायचंय काय त्यात? तारीख सांगा. फक्त घंटेनंतरचे दोन माझे उधार आहेत."

भाचीला हसताना टाके दुखले.

जखम भरल्यावर ती सरावाला आली. आता घंटा माझ्या हातात असते. ती कोणावर तरी स्वार असताना मी मनाला येईल तेव्हा वाजवतो, आणि घंटेसरशी तिचे हात उघडायला हवेत. पहिल्या दिवशी चाळीस वेळा वाजवली. सदतीस वेळा ती वेळेवर थांबली, तीनदा चुकली.

"सदतीस म्हणजे चांगलेच की, मामा."

"गुण एका चुकीला कापतात. परत."

तिने घोटभर पाणी घेतलं आणि गादीवर गेली.