गालीनाच्या आईकडच्या लाल सपाता

इंग्लंडमधल्या रीडिंगच्या एका शाळेच्या किचनमध्ये सुलक्षणा आणि गालीना शेजारी शेजारी उभ्या राहून बटाटे सोलतात. सुलक्षणा मूळची पुण्याची, गप्प बसणं तिला जन्मात जमलेलं नाही. गालीना रशियातल्या कझानची, ती दिवसभरात चार वाक्यं बोलली तरी खूप. परत गेली तर पुन्हा बाहेर पडू देणार नाहीत, एवढंच तिने कधीतरी सांगितलं होतं. आई तिकडे एकटी. फोनवर म्हातारी 'सगळं छान' म्हणते आणि ठेवून देते.

सुलक्षणाचा भाचा अपूर्व कझानलाच डॉक्टरकी शिकतो. नाताळच्या सुट्टीत मावशी त्याच्याकडे निघाली, तेव्हा गालीनाने तिच्या हाती आईसाठी एक शाल दिली. "नुसती बघून ये. मला विसरली तर नाही ना, तेवढं सांग."

परत आल्यावर सुलक्षणाची गाडी सुरू झाली ती थांबेचना.

"काय गं तुझे लोक! ट्रॅममध्ये कुणी हसेल तर शपथ. एका बाईकडे बघून मी हसले, तर तिने तोंड फिरवलं. आणि उतरताना तीच बया माझ्यावर ओरडत माझा मफलर आवळून गेली! बाहेर हाडं गोठतात आणि घरात इतकं उकडतं की खिडक्या उघड्या!"

गालीना चक्क हसत होती.

"अपूर्वबरोबर तुझ्या आईकडे गेले, बूट काढले आणि आपल्या सवयीने मी तशीच मोज्यांवर आत निघाले. अगंबाई, म्हातारी कडाडलीच! मग सपाता दिल्या."

"निळ्या. पाहुण्यांच्या." तिकडे दाराशी पाहुण्यांसाठी सपाता ठेवलेल्याच असतात.

"छे गं, लाल! लोकरीच्या. कपाटातून काढल्या, फुंकर मारली आणि खाली बसून स्वतःच्या हाताने माझ्या पायात घातल्या. या वयात! मला कसंनुसंच झालं."

गालीनाचा हात थांबला.

"त्या माझ्या," ती म्हणाली. "मी येईन तेव्हा घालायला ठेवल्यात. ती त्यांना कुणाला हात लावू देत नाही." मग हळूच, "मी आता येत नाही, असं तिने ठरवलं का गं? की तिला वाटलं, तूच मी?"

सुलक्षणाने सोललेला बटाटाच पुन्हा सोलायला घेतला. सगळ्यात गमतीचा भाग तिने शेवटी सांगायला राखून ठेवला होता. निघताना तिचे बूट सापडेनात. अपूर्वने घर पालथं घातलं, तेव्हा ते म्हातारीच्या पांघरुणात निघाले. आणि म्हातारी दाराला पाठ लावून उभी, रशियनमध्ये तेच तेच काहीतरी म्हणत, काही केल्या हलेना. इल्फर्डच्या नणंदेला हे सांगताना सुलक्षणा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली होती. रशियन कळणारा अपूर्व मात्र त्या दिवशी जिना उतरताना एक शब्द बोलला नव्हता. का, ते तिला आत्ता कळलं. आता हिला काय सांगणार, कपाळ?

"निघताना काही म्हणाली का?" गालीनाने विचारलं.

"काही नाही गं," सुलक्षणा म्हणाली. "मीच घाईत होते. पटकन निघाले."