बुधरी कशी सुटली

सावली गावच्या हरिदास गुरुजींना लोक पाठीमागे 'खडेमास्तर' म्हणत. भातातला एक खडा दाताखाली आला की गुरुजी ताटावरून उठायचे, मग यजमान पाया पडो की डोकं आपटो. लग्नपत्रिकेतला चुकीचा वार, कीर्तनकाराने आधी आंधळा सांगितलेला आणि घटकाभरात चांदणं पाहणारा राजा, साऱ्याची त्यांना सारखीच शिसारी यायची. शाळेतून निवृत्त झाल्यावर तर ती जास्तच वाढली, कारण आता ती काढायला पोरं हाताशी नव्हती.

अशा माणसाच्या गळ्यात बापूरावची दंतकथा पडली.

बापूराव त्यांचा लंगोटीयार. आलापल्लीला जंगलखात्यात कारकून होता. दर साली दिवाळीनंतर गावाच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, सुट्टी काढून यायचा आणि रात्रीच्या दंडारीचा नाच-खेळ उभा राहायच्या आधी स्वतः रचलेल्या दंतकथेचा पुढचा भाग वाचायचा. नकाशात नसलेलं एक राज्य होतं त्याचं. तिथली सागाची झाडं भांडायची, नदी रुसली की उलटी वाहायची. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात काविळीने तो गेला आणि राज्य अर्ध्यावरच राहिलं. त्याची बायको रुखमाबाई कागदांचं गाठोडं घेऊन आली.

"भाऊ, याचं पुस्तक करा जी. लोकायच्या ध्यानात हाये तवरच. मंग कोन पुसते?"

गुरुजींनी शब्द दिला, वाचायला बसले आणि पानापानाला खडा लागला. एका कथेत राजाला राण्यांचा गोतावळा, दुसरीत तोच ब्रह्मचारी. वाघाचा आधी डावा डोळा फुटलेला, पुढे उजवा. हे खडे त्यांनी नाक मुरडत वेचले. पण बुधरीपाशी घोडं अडलं. तलावाची पाळ टिकेना, म्हणून राजाने माती वाहणाऱ्या मजुराच्या लेकीला, बुधरीला, ती रडत असताना पाळीखाली जिवंत पुरलं. आणि पुढच्याच कथेत बुधरी बाजारात मासे विकत बसलेली! कशी सुटली, कोणी काढलं, एक अक्षर नाही.

"मेलेली बाई मासे इकते? थू!" गुरुजी एकटेच ओरडले. मेलेल्या मित्राची कीव येण्याऐवजी त्यांना त्याची घाण वाटली.

छापखाना सोमाजी पाटलांचा, मंडईच्या कमिटीचे अध्यक्षही तेच. त्यांनी पेच ऐकला आणि तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सारला.

"मंग मरू द्या न जी तिले. पुढचं काटून टाका. अन् ते रडते कायले? हासत गेली म्हना, गावासाठी. पुस्तकावर आमच्या आज्याचं नाव टाका. आपला तलाव त्यायनंच बांधला."

त्या तलावाची माती गुरुजींच्या आज्याने डोक्यावर वाहिली होती. त्यांना सोमाजींच्या लाल दातांची किळस आली. पण मेलेल्याने मेलेलंच राहावं, हे त्यांना पटलं. छापखाना गावात एकच. घरी येऊन त्यांनी बुधरीच्या पुढच्या कथा कापल्या आणि 'हसत' हा शब्दही घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते रुखमाबाईच्या अंगणात वाचून दाखवायला गेले. शेजारच्या बाया पळसाच्या पत्रावळी लावत बसल्या होत्या. बुधरी हसत हसत खड्ड्यात उतरली तशी एकीला वासरू आठवलं, दुसरीला पाणी. बघता बघता अंगण रिकामं झालं. अर्ध्या पत्रावळी तशाच पडल्या.

"बापूराव वाचे तवा तं बसत होत्या," गुरुजी फणकारले.

"तवाबी उठल्या होत्या जी," रुखमाबाई म्हणाली. "बुधरीले पुरलं त्या सालच्या मंडईत. मीबी घरी त्यायच्यासंग बोलली नाई. दुसऱ्या साली त्यायनं पयल्याच वाक्यात तिले मासे इकाले बसोली. मंग आमी बसलो. कशी आली मनून कोनी इचारलं नाई."

गुरुजींनी हातातल्या पानाकडे पाहिलं. 'हसत' हे त्यांचंच वळणदार अक्षर होतं. मातीच्या पाटीखाली मान मोडलेल्या आज्याला त्यांनी कधी हसताना पाहिलं नव्हतं. जन्मभर दुसऱ्याच्या भातातले खडे काढले आणि मेलेल्या दोस्ताच्या ताटात स्वतःच मूठभर कालवले. त्यांना स्वतःची इतकी शिसारी आली की पुढ्यातला चहा तसाच टाकून ते उठले.

त्यांनी 'हसत' खोडला. कापलेल्या कथा जागच्या जागी लावल्या आणि मध्ये एक ओळही घातली नाही.

"असं येड्यावानी मी छापत नाई," सोमाजी म्हणाले.

"नका छापू," गुरुजी म्हणाले आणि गाठोडं उचललं.

मंडईच्या दिवशी ते स्वतःच वाचायला उभे राहिले. कमिटीला नाही म्हणता येईना, बापूरावच्या नावाने अख्खा गाव जमला होता. बुधरीवर माती पडली तशी बायांच्या बाजूला चुळबुळ सुरू झाली. गुरुजींनी घाईने पान उलटलं. बुधरी बाजारात मासे विकत बसली होती. बाया पुन्हा टेकल्या.

पुढच्या खुर्चीवरून सोमाजी हसत ओरडले, "ओ खडेमास्तर! ते तं मेली होती न? सुटली कशी, ते तं सांगा!"

गुरुजींनी तोंड उघडलं, पण उत्तर मागून आलं. रुखमाबाई उभी होती.

"तुमाले कायले पायजे जी? पुन्ना पुराचं हाये का तिले?"