भातशेताचा कौल

डिचोलीकडच्या आमच्या गावात देवळाखालचं भातशेत विकून तिथे बंगले उठवायचं घाटत होतं. शेत सगळ्या भावकीचं सामाईक, त्यामुळे एकमत होईना. शेवटी देवाचा कौल घ्यायचं ठरलं. पुजाऱ्याने गाऱ्हाणं घालून मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला फुलांच्या ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर विकायचं, डावी पडली तर नाही.

बाहेर जमिनीचा दलाल गाडीत एसी लावून बसला होता. त्या घरघरीने माझं डोकं तापलं होतं. पाकळ्या हलेनात. कोणी खोकला तरी सगळे त्याच्याकडे डोळे वटारून बघायचे.

डावी पडली.

विकायचा हट्ट धरलेल्या चुलतभावावर मी देवळातच ओरडलो, "झालं समाधान? आता त्या शेताकडे वाकड्या नजरेने बघायचं नाही!"

तो शांतपणे म्हणाला, "देवान नको म्हटलां, मान्य. आता शेतात जोत कोण धरतलो? तू?"

बाहेर गाडीची घरघर चालूच होती. माझ्या पायांना त्या शेताचा चिखल शेवटचा कधी लागला होता, ते काही केल्या मला आठवेना.